मऊ प्लास्टिकचे लुअर घरी कसे ओतावेत: साच्यापासून पाकिटापर्यंत

कोकणातील खाड्यांच्या मुखाशी जिताडा किंवा तांबोशी गरवणाऱ्यांच्या पेटीत जिवंत कोळंबीच्या जोडीला आता मऊ प्लास्टिकचे लुअर, म्हणजे कृत्रिम आमिषे, दिसू लागले आहेत. बाजारात मिळणारे यांपैकी पुष्कळसे नमुने मुळात अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातील बास या माशासाठी आखलेले असतात. आपल्या खाडीतील कोळंबीचा आकार, पावसाळ्यातील गढूळ पाणी, तांबोशीचे दात आणि लुअरची शेपटी कुरतडून नेणारा केंड यांचा विचार त्यांत झालेला नसतो. लुअर घरी ओतण्याने थोडी बचत होते हे खरे, परंतु माझ्या मते त्याचे मुख्य कारण ते नाही. मऊपणा, वजन, रंग आणि शेपटीची हालचाल या चार गोष्टी आपल्या पाण्यानुसार ठरवता येणे, हे या कामाचे खरे मोल आहे.

ही कला मुळात घरातच जन्मली. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहरात निक क्रीम यांनी १९४९ साली आपल्या स्वयंपाकघरात प्लास्टिकचा गांडूळ ओतला आणि त्यातून पुढे मोठा उद्योग उभा राहिला. तेव्हापासून साहित्य सुधारले, साचे अचूक झाले, पण कामाचे तत्त्व तेच राहिले: द्रव तापवायचा, साच्यात ओतायचा, थंड होऊ द्यायचा. फरक इतकाच, की तापलेल्या प्लास्टिकच्या धुराचे धोके आता नीट ठाऊक असल्यामुळे आज हे काम स्वयंपाकघरात करू नये.

प्लास्टिसॉल कसे वागते

या लुअरचा कच्चा माल म्हणजे प्लास्टिसॉल. पीव्हीसीची अतिशय बारीक पूड प्लास्टिसायझर नावाच्या तेलकट द्रवात तरंगत ठेवलेली असते. ती त्यात विरघळलेली नसते. म्हणूनच डबा काही दिवस स्थिर राहिला की पूड तळाशी बसते आणि वर नुसता द्रव राहतो. असा डबा न ढवळता वरचा द्रव ओतून घेतला, तर लुअर चिकट आणि लिबलिबीत होतात, आणि तळाशी उरलेल्या मालाचे लुअर कडक होतात. प्रत्येक वेळी लाकडी पट्टीने तळ खरवडून सावकाश, पण पूर्ण ढवळावे आणि मग आत गेलेली हवा वर येण्यासाठी डबा अर्धा तास तसाच ठेवावा.

तापवताना प्लास्टिसॉलच्या अवस्था डोळ्यांनी ओळखता येतात. सुरुवातीला ते दुधासारखे पांढरे आणि पातळ असते. तापमान वाढू लागले की पुडीचे कण द्रव शोषून फुगतात आणि सगळा माल घट्ट, गुठळ्यांचा होतो. नवशिक्याला इथे काहीतरी बिघडले असे वाटते, पण ही अवस्था येणारच. आणखी उष्णता मिळाली की गुठळ्या सैल होतात आणि १७० ते १७७ अंश सेल्सिअसच्या आसपास माल पारदर्शक व पातळ होतो. ओतण्याची वेळ तीच. त्याआधी ओतलेला लुअर दिसायला ठीक असला तरी आतून पूर्ण जुळलेला नसतो. तो धुरकट दिसतो आणि ताणला की तुटतो. उलट तापमान २०० अंशांकडे गेले की पीव्हीसीचे विघटन सुरू होते, माल पिवळा, मग तपकिरी होतो आणि हायड्रोजन क्लोराईडचा झोंबणारा वायू सुटतो. योग्य आणि घातक तापमानांत इतके थोडे अंतर असल्यामुळे अंदाजाने काम करू नये. इन्फ्रारेड थर्मामीटर ही या कामातली पहिली खरेदी असावी. तो फक्त पृष्ठभागाचे तापमान दाखवतो, म्हणून प्रत्येक मोजणीआधी माल ढवळावा.

खरेदी करताना लुअरसाठीच बनवलेले, पारदर्शक, भरणद्रव्य नसलेले आणि शक्य असल्यास थॅलेटमुक्त (थॅलेट जातीचे प्लास्टिसायझर नसलेले) प्लास्टिसॉल मागावे. टी-शर्टवरील छपाईसाठी मिळणारी प्लास्टिसॉल शाई या कामाची नाही. तिच्यात रंगद्रव्य व भरणद्रव्य भरपूर असते आणि तिला लुअरची लवचीकता येत नाही.

जागा आणि संरक्षण

काम उघड्या पडवीत किंवा दोन्ही बाजूंनी वारा वाहणाऱ्या शेडमध्ये करावे आणि वारा आपल्या पाठीकडून यावा. सेंद्रिय वाफा आणि आम्लवायू या दोन्हींसाठी असलेल्या कार्ट्रिजचा मास्क वापरावा. कापडी किंवा धुळीचा मास्क इथे निरुपयोगी आहे. चामड्याचे हातमोजे, डोळ्यांवर गॉगल, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि बंद बूट घालावेत. गॅसच्या उघड्या ज्योतीवर प्लास्टिसॉल कधीही तापवू नये. विजेची हॉटप्लेट किंवा जुना मायक्रोवेव्ह चालतो, पण एकदा या कामाला घेतलेले कोणतेही उपकरण, पेला किंवा चमचा पुन्हा अन्नासाठी वापरू नये.

सर्वांत मोठा शत्रू पाणी. १७५ अंशांच्या द्रवात पाण्याचा एक थेंब पडला तरी त्याची क्षणात वाफ होऊन तापलेले प्लास्टिक उसळून बाहेर उडते. ओला चमचा, घामाचा थेंब, न सुकलेला साचा, मालात घालायचे दमट मीठ या सगळ्यांकडे त्याच नजरेने पाहावे. तापलेले प्लास्टिक त्वचेला चिकटलेच, तर ते ओढून काढू नये. तो भाग लगेच वाहत्या थंड पाण्याखाली किमान २० मिनिटे धरावा आणि डॉक्टरांकडे जावे. मुले आणि पाळीव प्राणी या जागेत येणार नाहीत, याची व्यवस्था काम सुरू करण्याआधीच करावी.

पहिला साचा: प्लास्टर ऑफ पॅरिस

सुरुवात एका बाजूने उघड्या असलेल्या साच्याने करावी. त्यातून निघणाऱ्या लुअरची एक बाजू सपाट राहते, म्हणून सुमारे १० सेंटिमीटर लांबीचा साधा, सरळ शेपटीचा वर्म (गांडुळासारखा लुअर) हा पहिल्या प्रयत्नासाठी उत्तम नमुना आहे. मूळ नमुना लाकडात कोरावा किंवा ओव्हनमध्ये पक्क्या होणाऱ्या पॉलिमर क्लेमध्ये घडवावा. थ्रीडी प्रिंटरची सोय असेल तर नमुना छापूनही घेता येतो. मात्र पीएलए प्लास्टिकमध्ये छापलेला साचा थेट ओतण्यासाठी चालत नाही, कारण पीएलए ६० अंशांच्या आसपासच मऊ पडते. नमुना टणक असेल तर त्याची खालची बाजू सर्वांत रुंद असावी आणि कडा आत वळलेल्या नसाव्यात, नाहीतर तो काढताना प्लास्टर तुटते. बाजारातल्या लुअरवरून साचा घेऊन स्वतःपुरते शिकणे वेगळे आणि त्याची नक्कल विकणे वेगळे. भारतात डिझाइन्स ॲक्ट, २००० खाली नोंदलेल्या आकाराला कायद्याचे संरक्षण असते. विक्री करायची असेल तर आकार स्वतःचाच घडवावा.

काचेच्या तुकड्यावर नमुना सपाट बाजूने चिकटवावा, त्यावर व्हॅसलिनचा अगदी पातळ हात द्यावा आणि भोवती १५ सेंटिमीटर लांब, ६ रुंद आणि ४ उंच अशी चौकट उभी करावी. एवढ्या चौकटीसाठी ४०० ग्रॅम प्लास्टर आणि २४० मिलिलिटर पाणी पुरते. पूड पाण्यात भुरभुरावी. पुडीत पाणी ओतू नये. दोन मिनिटे भिजू देऊन हळू ढवळावे, भांडे टेबलावर हलके आपटून बुडबुडे वर आणावेत आणि मिश्रण चौकटीच्या एका कोपऱ्यातून बारीक धारेने सोडावे, म्हणजे ते नमुन्यावरून आपोआप पसरते आणि हवा अडकत नाही. प्लास्टर बसताना गरम होते. ते पुन्हा थंड झाले की साचा उलटून नमुना काढावा.

त्यानंतरच्या सुकवणीत सर्वांत जास्त साचे वाया जातात. हाताला कोरडा लागणारा साचा आतून ओला असू शकतो. स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर साचा रोज तोलावा आणि सलग दोन दिवस वजन घटले नाही, तरच तो सुकला असे मानावे. मार्च-एप्रिलच्या उन्हात हे काही दिवसांत होते, पण जुलैमध्ये कोकणातल्या हवेत साचा आठवडाभर ठेवूनही वजन उतरत नाही. म्हणून साचे पावसाळ्यापूर्वीच करून, लेप देऊन ठेवणे शहाणपणाचे आहे. ओव्हनचा आधार घ्यायचा तर तापमान ५० अंशांपलीकडे नेऊ नये, अन्यथा प्लास्टर भुसभुशीत होते.

पूर्ण सुकलेल्या साच्याला लेप द्यावा लागतो. फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद समान पाण्यात पातळ करून दोन-तीन हात दिले तरी काम भागते, परंतु प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यावा लागतो, कारण या लेपातूनही साच्यात पुन्हा पाणी जाते. दोन भागांचा पातळ इपॉक्सी अधिक टिकाऊ असून त्याची चकाकी थेट लुअरवर उतरते. मी इपॉक्सीच सुचवेन.

अधिक लुअर काढायचे असतील तर दोन घटकांच्या आरटीव्ही (खोलीच्या तापमानाला घट्ट होणाऱ्या) सिलिकोनचा साचा प्लास्टरपेक्षा सोयीचा ठरतो. त्याला लेप लागत नाही, तो तुटत नाही आणि नमुन्यावरची बारीक खवलेही टिपतो. एक सावधगिरी मात्र हवी: प्लॅटिनम प्रकारचे सिलिकोन गंधक असलेल्या मातीवर किंवा रेझिनमध्ये छापलेल्या नमुन्यावर नीट जमत नाही, चिकटच राहते. नमुन्याच्या कोपऱ्यावर थोडे सिलिकोन लावून आधी चाचणी घ्यावी.

तापवणे आणि ओतणे

१०० मिलिलिटर प्लास्टिसॉलमध्ये साधारण १० ग्रॅमचे दहा वर्म निघतात. पहिल्या खेपेला एवढेच घ्यावे. उष्णता सहन करणाऱ्या बोरोसिलिकेट काचेच्या, मूठ व चोच असलेल्या मापपात्रात ते ओतून त्यात हीट स्टॅबिलायझरचे सुमारे २ मिलिलिटर घालावेत. त्यामुळे माल पिवळा पडण्याची गती कमी होते. मायक्रोवेव्हमध्ये पहिल्यांदा दीड मिनिट तापवून ढवळावे आणि नंतर २० ते ३० सेकंदांच्या टप्प्यांनी पुढे जावे. प्रत्येक टप्प्यानंतर भांड्याच्या कडा खरवडून ढवळावे, कारण मायक्रोवेव्ह सगळीकडे सारखे तापवत नाही. मध्ये गुठळी आणि कडेला करपलेला थर एकाच वेळी असू शकतो. तापलेले भांडे ओल्या ओट्यावर किंवा थंड ग्रॅनाइटवर ठेवल्यास काच तडकते. ते लाकडी फळीवर ठेवावे.

माल पारदर्शक झाल्यावर लुअरसाठीचा द्रव रंग थेंबाथेंबाने घालावा. भांड्यात रंग जितका गडद दिसतो त्यापेक्षा पातळ लुअरमध्ये तो फिका दिसतो, म्हणून पांढऱ्या फरशीवर एक थेंब टाकून तपासावा. चमकी उच्च तापमान सहन करणारी पॉलिएस्टरची असावी. हस्तकलेच्या दुकानातली साधी चमकी बऱ्याचदा वळते किंवा रंग सोडते. हे सगळे ढवळताना चमचा गोल फिरवावा, फेटू नये.

ओतताना धार बारीक आणि अखंड असावी. शेपटीच्या टोकापासून सुरुवात करून डोक्याकडे यावे, कारण शेपटीचा पातळ खाचा सर्वांत तापलेल्या मालानेच नीट भरतो. साचा काठोकाठ भरावा पण बाहेर सांडू देऊ नये. थंड होताना प्लास्टिक आकसते आणि जाड भागावर खड्डा पडतो. तो पडू लागताच त्यावर थोडा माल पुन्हा सोडावा. पाठ आणि पोट वेगळ्या रंगांचे हवे असतील तर पहिला थर हलायचा थांबताच दुसरा ओतावा. पहिला पूर्ण थंड झाला तर दोन्ही थर वापरताना सुटे होतात. भांड्यातला माल १६० अंशांखाली जाऊन घट्ट वाटू लागला की ओतणे थांबवून पुन्हा तापवावा.

पाच-सात मिनिटांनी लुअर शेपटीकडून सावकाश उचलावा आणि सपाट पृष्ठभागावर अगदी सरळ ठेवावा. पुढचे २४ तास तो ज्या आकारात राहील तो आकार त्याच्या अंगात बसतो. शेपटी दुमडली असेल तर लुअर काही क्षण गरम पाण्यात धरून, सरळ करून थंड पाण्यात टाकला की ती सुधारते.

पॅडल टेलसाठी दोन तुकड्यांचा साचा

मागे चपटी पाती असलेला पॅडल टेल बोयच्या पिलासारखा दिसतो आणि जिताड्याला तो फार आवडतो. एका बाजूने सपाट असलेला पॅडल टेल पाण्यात कलंडतो, म्हणून त्यासाठी दोन तुकड्यांचा साचा आणि हाताने दाबायचा इंजेक्टर लागतो. असे साचे सिलिकोनमध्ये घरी करता येतात. शेकड्याने लुअर काढायचे असतील, तर सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) यंत्रावर कोरलेला ॲल्युमिनियमचा साचा घ्यावा.

इंजेक्टर आणि ॲल्युमिनियमचा साचा दोन्ही आधी कोमट करून घ्यावेत. थंड धातूत शिरलेला माल वाटेतच गोठतो आणि अंगावर सुरकुत्यांसारख्या रेषा उमटतात. माल ओढून घेतल्यावर इंजेक्टरचे तोंड वर धरून हवा बाहेर काढावी, तोंड साच्याच्या छिद्राला घट्ट लावावे, एकसारख्या मंद दाबाने भरावे आणि भरल्यावरही सुमारे १० सेकंद दाब तसाच ठेवावा. हा धरून ठेवलेला दाबच आकसण्याची भरपाई करतो. शेपटी अर्धवट राहत असेल तर दाब वाढवण्याआधी शेपटीच्या टोकापासून साच्याच्या कडेपर्यंत हवेला बाहेर जाण्यासाठी केसाइतकी बारीक खाच आहे का, ते पाहावे.

पॅडल टेलची हालचाल पातीपेक्षा तिच्या आधीच्या निमुळत्या मानेवर अवलंबून असते. मान जाड असेल तर पाती मोठी असूनही हलत नाही. ती २ ते ३ मिलिमीटरपर्यंत आणावी. नमुना पक्का करण्यापूर्वी ओतलेल्या लुअरची मान ब्लेडने थोडी थोडी तासून, जिगहेड (वजनदार डोक्याचा गळ) लावून हौदात ओढून पाहावी आणि मंद ओढीतही पाती हलू लागली, की त्याच मापाचा नवा मूळ नमुना करावा.

मासा पाहून मिश्रण

मऊपणा सॉफ्टनर आणि हार्डनर घालून बदलतो. मूळ प्लास्टिसॉलच्या ५ ते १० टक्के सॉफ्टनरने चांगला फरक पडतो. धरणांच्या आणि तलावांच्या गवतात मरळ गरवताना गळाचे टोक लुअरच्या अंगात लपवलेले असते आणि माशाने चावताच ते बाहेर यावे लागते. तिथे मऊ मिश्रण हवे. तांबोशीचे सुळे आणि केंडाची चोच यांच्यापुढे तोच लुअर पहिल्या चाव्यात अर्धा होतो, म्हणून खाडीत हार्डनर घातलेले मिश्रण घेऊन मान तेवढी पातळ ठेवावी. मऊपणाने हालचाल मिळवण्यापेक्षा आकाराने हालचाल मिळवणे खाडीसाठी अधिक टिकाऊ ठरते.

मिठाने लुअर जड होतो, जिगशिवायही दूर फेकता येतो आणि मासा तो तोंडात अधिक वेळ धरतो. मीठ पिठाइतके बारीक दळून, कढईत किंवा ओव्हनमध्ये पूर्ण कोरडे करून, माल पारदर्शक झाल्यावर घालावे. ते तळाशी बसते, म्हणून प्रत्येक ओतण्याआधी ढवळावे. मिठाने रंग धुरकट होतो आणि लुअर लवकर फाटतो. म्हणून दातांच्या माशांसाठी मीठ टाळावे.

पावसाळ्याच्या गढूळ पाण्यात काळा, जांभळा किंवा झगझगीत पोपटी यांसारखे ठळक रंग उपयोगी पडतात. हिवाळ्यात खाडी निवळली की कोळंबीसारखा अर्धपारदर्शक तपकिरी रंग आणि थोडी चमकी पुरेशी असते.

साठवण, विक्री आणि पुन्हा वितळवणे

लुअर एक दिवस मुरल्यावर मिनरल ऑइलचे काही थेंब घालून पॉलिथिनच्या झिप पाकिटात भरावेत. लसूण किंवा विलायती बडीशेपेचा वास हवा असेल तर तेलात मिसळणारा अर्क याच टप्प्यावर पाकिटात घालावा. तापलेल्या मालात तो उडून जातो, आणि लसणाची वाटलेली गोळी तर तिच्यातल्या पाण्यामुळे धोकादायकच ठरते. प्लास्टिसायझर कठीण पॉलिस्टायरिन वितळवते, म्हणून स्वस्त पारदर्शक पेटीत लुअर सुटे ठेवू नयेत. पॉलिप्रॉपिलीनची पेटी चालते. गडद रंग फिक्या रंगात उतरतात, तेव्हा एका पाकिटात एकच रंग भरावा. इलाझटेकसारख्या वेगळ्या जातीच्या ताणदार प्लास्टिकचे लुअर पीव्हीसीच्या लुअरला लागले की दोन्ही चिकट होऊन विरघळू लागतात. ते कायम वेगळे ठेवावेत.

विक्रीचा विचार असेल तर प्रत्येक घाण्याची नोंद ठेवावी: प्लास्टिसॉल, सॉफ्टनर, रंग आणि मीठ यांची मापे, ओततानाचे तापमान, त्या दिवशीची हवा. माप थेंबांऐवजी ग्रॅममध्ये असावे, कारण गिऱ्हाईक पुढच्या वेळी तोच लुअर मागतो आणि तो तसाच देता आला पाहिजे. प्रत्येक घाण्यातला एक लुअर पाकिटात घालून, तारीख लिहून नमुन्यादाखल राखावा. किंमत ठरवताना बाद झालेल्या लुअरचा माल, वीज, मास्कची कार्ट्रिजे आणि स्वतःचा वेळ हिशेबात धरावा.

बाद झालेले आणि माशांनी फाडलेले लुअर टाकून देऊ नयेत, आणि पाण्यात तर अजिबात सोडू नयेत. ते गळ व शिशाचे तुकडे काढून, रंगानुसार आणि मीठ आहे की नाही यानुसार वेगळे जमवावेत. पाण्यातून आलेले लुअर गोड्या पाण्यात धुवून, बारीक कापून, कित्येक दिवस उन्हात वाळवावेत, कारण गळाच्या छिद्रात अडकलेले पाणी बाहेरून दिसत नाही आणि तापताना तेच उसळते. वितळवताना थोडे सॉफ्टनर आणि स्टॅबिलायझर घालावे. पुन्हा तापलेल्या मालाला मळकट छटा येते. तो काळ्या किंवा जांभळ्या लुअरसाठी राखून ठेवावा.